निंबाजी दोरवाल्याची भरपाई

बोरखडी नावाचं गाव होतं. गावाच्या वरच्या टोकाला वेस होती, खालच्या टोकाला एक अंगण होतं, आणि त्या अंगणात एक भोळा दोरवाला दोर वळत बसलेला असायचा. नाव निंबाजी. भोळा हा आपला सभ्य शब्द झाला. गाव त्याला सरळ खुळा म्हणायचं, तेही तोंडावर. पाठीमागे म्हटलं काय आणि तोंडावर म्हटलं काय, निंबाजीला दोन्ही सारखंच.

हात मात्र सोन्याचे. घायपाताच्या पानांतला धागा, म्हणजे वाख, सोलावा तर त्यानेच, दोर वळावा तर त्यानेच. त्याचं दावं बैलाला तुटायचं नाही, त्याचा नाडा विहिरीत कुजायचा नाही. देवाने सगळा दिवस ते हात घडवण्यात घालवला असावा. डोक्यापर्यंत पोचेतो अंधारून आलं.

निंबाजीला एक कुत्रा होता. काळाकुट्ट, एका कानाचा तुकडा गेलेला. नाव सुभेदार. निंबाजीच्या भाकरीचा पहिला तुकडा सुभेदाराचा, आणि वाखाचा मऊ ढीग म्हणजे सुभेदाराची गादी. बायको भागू चिडून म्हणायची, "मी माहेरी गेले तर तुम्हाला पत्ता लागायचा नाही. पण हे कुत्रं घटकाभर दिसलं नाही तर तुम्हाला घास गिळत नाही."

"तू सांगून जातेस," निंबाजी म्हणायचा. "तो सांगत नाही."

आता या सुभेदाराचं एक तत्त्व होतं. अंगणात येणाऱ्याला तो शेपटी हलवायचा. अंगणातून काही घेऊन जाणाऱ्याला चावायचा. राखणीच्या कुत्र्याला हे शोभून दिसतं. पण दुकानदारी म्हणजे काय? माल बाहेर जाणं! ज्या दुकानात येताना स्वागत आणि माल नेताना पोटरीचा लचका, त्या दुकानात गिऱ्हाईक पुन्हा कशाला येईल? पण पंचक्रोशीत दुसरा दोरवाला नव्हता. म्हणून लोक यायचे, आणि जाताना दोर सदऱ्याखाली लपवून, हसत हसत, उलट्या पावलांनी अंगणाबाहेर पडायचे.

एक दिवस सोपान कुंभार गाढवासाठी दावं घ्यायला आला. गडी होता घाईत. दावं हातात नाचवत सरळ चालू लागला. सुभेदाराने त्याचं मनगट धरलं.

प्रकरण चावडीवर गेलं. रावजी पाटील खांबाला टेकून बसले होते. पाटलांना निवाडा करण्याची भारी हौस. भांडण नसलं तर ते मुद्दाम कुणाला तरी विचारायचे, तुझं कसं काय चाललंय शेजाऱ्याशी?

"कुत्रं कुणाचं?" पाटलांनी विचारलं.

निंबाजी म्हणाला, "कुणाचंच नाही, पाटील. ते आपल्या मनाचं आहे."

"भाकरी कुणाच्या घरची खातं?"

"माझ्या."

"मग मालक तू. आणि कुत्र्याने केलं ते मालकाने निस्तरायचं. दोर वळतोस ना? मग त्याला बांधून का ठेवत नाहीस?"

"दोर विकायचे असतात, पाटील. घरातच वापरले तर विकायचं काय?"

चावडी हसली. पाटील हसले नाहीत. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि बोरखडीचा जुना रिवाज सांगितला. "ऐक. ज्याचं कुत्रं चावलं, त्याने चावलेल्या माणसाचं औषधपाणी बघायचं, आणि जखम भरेपर्यंत त्याचं काम स्वतः करायचं. तो जे करतो ते, तो जसं करतो तसं. यात कसूर नको. आणि यापुढे कुत्रं बांधलेलं पाहिजे. दोराचं एक टोक कुत्र्याच्या गळ्यात आणि दुसरं मालकाच्या हातात. समजलं?"

निंबाजीने मान हलवली. काम करायचं तेवढं त्याने लक्षात ठेवलं. दोराचं पुढे कधीतरी, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो सोपानच्या ओट्यावर मडकी विकायला बसला. एक म्हातारी आली. माठ बघून म्हणाली, "पक्का आहे ना रे बाबा?"

निंबाजी आयुष्यभर दोर विकत आला होता. दोर पक्का आहे हे दाखवायचं तर गिऱ्हाइकाच्या हातात एक टोक द्यायचं, दुसरं आपण धरायचं, आणि जोर लावायचा. त्याने माठाचा एक काठ म्हातारीच्या हातात दिला, दुसरा आपण धरला, आणि म्हणाला, "ओढा आजी!"

आजी ओढायच्या आधीच त्याने ओढला. आजीच्या हातात काठ राहिला आणि बाकीचा माठ निंबाजीच्या मांडीवर पडला.

आतून सोपान धावत आला. मनगटाला पट्टी, तोंडाला शिव्या. "अरे शहाण्या, ओढतोस काय? माल बोटाने ठोकून दाखवायचा! खणखण वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कच्चा. आणि जे असेल ते गिऱ्हाइकाला खरं खरं सांगून टाकायचं. आमच्या घराण्याचं नाव त्यावर आहे."

"ठोकायचं. ऐकायचं. खरं सांगायचं," निंबाजीने घोकलं. सोपानचं मनगट बरं होईतो तो घोकतच राहिला.

मग सुभेदार दगडू न्हाव्याला चावला. दगडूने वस्तरा-कात्रीची धोपटी बांधायला बारीक सुतळी घेतली होती आणि उलट्या पावलांनीच निघाला होता बिचारा. पण फाटकाशी ठेच लागली, वळून पाहिलं, तेवढ्यात सुभेदाराने उजवा हात धरला. पुन्हा चावडी, पुन्हा तोच निवाडा. पाटील वर म्हणाले, "कुत्रं बांधलं नाहीस अजून?"

"आत्ता दगडूचं काम आहे, पाटील. एका वेळी एकच."

आणि पहिलंच गिऱ्हाईक कोण? रावजी पाटील स्वतः. चावडीच्या पायरीवर पाट मांडला, पाटील मांडी घालून बसले, पागोटं काढून बाजूला ठेवलं. भोवती नेहमीची रिकामटेकडी मंडळी. निंबाजीने पाटलांचं डोकं सगळीकडून पाहिलं. मग वाकून, कान जवळ नेऊन, बोटाच्या पेरांनी ते ठोकलं. टक टक. जरा बाजूला सरकून पुन्हा ठोकलं. टक टक.

"काय करतोयस रे?"

"गप्प राहा पाटील, ऐकू येत नाही." निंबाजीने टाळूवर शेवटचं एकदा ठोकलं आणि सरळ उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. "खोटं सांगणार नाही, पाटील. बद्द वाजतंय. कच्चं राहिलंय. हे घेऊ नका, दुसरं बघा."

मंडळी पायरीवरून गडगडत खाली गेली. पाटलांनी न केलेल्या दाढीनेच पागोटं चढवलं आणि घरी गेले. त्या दिवसापासून पाटलांच्या मनात सुभेदाराविषयी गाठ बसली. माणसावर राग काढावा तर माणूस खुळा. म्हणून तो कुत्र्यावर.

दगडूने डाव्या हाताने आपलं कपाळ बडवून घेतलं. "अरे निंबाभाऊ, डोकं काय मडकं आहे? आधी भरपूर पाणी लावायचं. मग हळूहळू कमी करत जायचं. आणि शेवटी आरसा पुढे धरून गोड आवाजात विचारायचं, आणखी कमी करू का? गिऱ्हाईक खूश होतं."

"भरपूर पाणी. कमी करायचं. आरसा. आणखी कमी करू का," निंबाजीने पाठ केलं.

बिचाऱ्या दगडूचा हात बरा झाला, तोवर येसू गवळ्याची पोटरी गेली. म्हशीचं दावं घेऊन तो पळत सुटला होता. वाटलं पळून सुटू. पण सुभेदार त्याच्यापेक्षा चपळ होता.

येसूचं काम म्हणजे घरोघर दूध घालणं. निंबाजीने सकाळी दुधाची घागर उचलली, दगडूचा आरसा मागून घेतला, आणि पहिलं घर गाठलं ते पाटलांचं. पाटलीणबाई भांडं घेऊन दारात आल्या. निंबाजीने त्यांच्याच रांजणातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि घागरीत ओतलं. मग दुसरा तांब्या. मग तिसरा.

"अरे अरे, हे काय?"

"आधी भरपूर पाणी," निंबाजी म्हणाला. मग माप भरून त्यांच्या भांड्यात घातलं, त्यातलं थोडं परत घागरीत काढलं, आणखी थोडं काढलं, आरसा पुढे धरला आणि गोड आवाजात विचारलं, "आणखी कमी करू का?"

पाटलीणबाईंना आरशात स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो त्यांना आवडला नाही.

गाव येसूच्या घरी चालून आलं. येसूच्या दुधाबद्दल गावाला वर्षानुवर्षं जे नुसतं वाटत होतं, ते निंबाजीने एका सकाळी सिद्ध करून दाखवलं होतं. येसू खाटेवरून ओरडला, "पाणी? गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत?"

"मग कुठे घालायचं?" निंबाजीने विचारलं.

येसूला खोकला आला. बराच वेळ आला. मग तो घाईघाईने म्हणाला, "ते सोड रे तू! गवळ्याने कसं वागावं सांगतो. दारात उभं राहायचं. मोठ्याने हाळी द्यायची, आलो हो, भांडं घेऊन या! भांडं पुढे आलं की आपलं काम करायचं, हसून राम राम म्हणायचं आणि पुढच्या दारी जायचं. विचारलं तेवढंच बोलायचं. आणि एकही दार चुकवायचं नाही. कळलं?"

"आलो हो, भांडं घेऊन या. एकही दार नाही चुकवायचं."

आणि सांगायला हवं, पुढचे दिवस निंबाजीने दूध फार नीट घातलं. हाळी दिली की आयाबाया भांडी घेऊन दारात हजर. गावाला त्या हाळीची सवय लागली.

पण पाटील विसरले नव्हते. त्यांनी निंबाजीला चावडीवर बोलावलं आणि शेवटचं सांगितलं. "निंब्या, तीन वेळा भरपाई केलीस आणि तीनही वेळा गावाच्या डोक्याला ताप केलास. आता कान उघडे ठेवून ऐक. पुन्हा ते कुणाला चावलं आणि त्याचं काम तुझ्या हातून बिनचूक पार पडलं नाही, तर ते कुत्रं वेशीबाहेर. कायमचं."

निंबाजी घरी आला. त्या दिवशी त्याने भाकरीचे दोन्ही तुकडे सुभेदारालाच दिले. "बाबा रे," तो त्याच्या तुटक्या कानात म्हणाला, "आता चावशील तर असा माणूस बघ, ज्याचं काम सोपं असेल."

सुभेदाराने ऐकलं असावं.

झालं असं, की भावाचं लग्न निघालं म्हणून भागू माहेरी गेली. जाताना दारातून तीनदा परत आली आणि तीनदा बजावलं, "मी येईतो स्वतःचं डोकं चालवू नका. काही झालंच तर पाटील म्हणतात तसं करा." झालं. एवढं बजावून मोकळी झाली बिचारी.

दुपारची वेळ. निंबाजी मागच्या बाजूला वाख धूत होता. पुढून किंकाळी आली. जाऊन बघतो तर फाटकात एक अनोळखी माणूस आडवा पडलेला, शेजारी भागूचा पितळी हंडा, आणि त्याची पोटरी सुभेदाराच्या तोंडात. आयुष्यात पहिल्यांदा सुभेदार योग्य माणसाला चावला होता. दुसऱ्या कुणाचा कुत्रा असता तर गावाने त्याच्या गळ्यात हार घातला असता.

"अरेरेरे!" निंबाजी धावला. "सोड, सुभेदार, सोड! फार लागलं का हो पाव्हणं? तुम्ही काळजी करू नका. मालक मी आहे. औषधपाणी माझ्याकडे, आणि तुमचं कामही मीच करणार. काम काय करता आपण?"

चोर पळायच्या बेतात होता. तो थांबला. त्याने निंबाजीकडे नीट पाहिलं. धंद्यात मुरलेला माणूस, गिऱ्हाईक ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"चोरी करतो," तो म्हणाला.

"कुठली?"

"या गावातली. भांडी. पितळेची, तांब्याची. मातीची नकोत. आज तुझ्या घरापासून आरंभ केला होता, बाकीचं गाव राहिलंय." त्याने पोटरी धरून कण्हून दाखवलं. "आता कसलं जमतंय? पोराबाळांचं नशीब."

"असं कसं म्हणता? मी आहे की!" निंबाजीने त्याला आत नेलं, खाटेवर निजवलं, पोटरीला लेप लावला, पुढे भाकरी ठेवली. मनातून तो हरखला होता. कुंभाराच्या कामाला ठोकणं-ऐकणं, न्हाव्याच्या कामाला वस्तरा. हे काम किती सोपं! नुसतं आणायचं. सुभेदाराने शब्द राखला होता, आता आपण राखायचा. एकही चूक करायची नाही.

आणि चूक का होईल? भांडी मागायची रीत त्याला येसूने शिकवलीच होती.

तो पहिल्या दारात उभा राहिला आणि मोठ्याने हाळी दिली, "आलो हो! भांडं घेऊन या!"

बाई भांडं घेऊन आली. निंबाजीने ते घेतलं, हसून राम राम म्हटलं आणि खांद्यावरच्या पोत्यात टाकलं.

"अगं बाई, भांडं कुठे नेतोस? कल्हईला का?"

"नाही वहिनी, चोरीला."

"मेला खुळा!" बाई हसून हसून लोटपोट झाली. "थांब, मग हे पातेलंही ने. तळाशी पार काळं पडलंय."

घरोघर तेच. कुणी कळशी दिली, कुणी परात दिली. हातातलं काम टाकून जावेला बोलावून दाखवलं, बघ गं, निंबाभाऊजी चोरीला निघालेत. सोपान कुंभाराने ओट्यावरून मडकं पुढे केलं तर निंबाजीने ते नम्रपणे परत दिलं. "मातीचं चालत नाही, सोपानभाऊ." सोपानने खांदे उडवले. पोतं भरलं की घरी रिकामं करायचं आणि पुन्हा निघायचं.

शेवटी पाटलांचं घर. पाटील ओसरीवर सुपारी कातरत होते. "काय रे निंब्या? कसली धावपळ?"

"आणखी एकाला चावला, पाटील. त्याचं काम करतोय."

पाटलांनी अडकित्ता थांबवला. "नीट करतोयस ना? मी काय म्हणालो होतो, आठवतंय?"

"बिनचूक करतोय. एकही दार चुकवलं नाही. आता तुमचंच राहिलंय. भांडं घेऊन या."

नियम पाळला जातोय हे बघून पाटलांना बरं वाटलं. आपण दम दिला तर खुळ्याचं डोकंसुद्धा चालतं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. "अहो, ऐकलंत का?" त्यांनी आत आवाज दिला. "निंबाजीला काय हवं ते द्या. आणि तो थोरला हंडाही द्या, कामाला लागेल त्याच्या."

दिवस कलायच्या आत अंगणात पितळेचा डोंगर झाला. चोर खाटेवरून उठून बघायला आला आणि त्याची पोटरी त्याच जागी बरी झाली. त्याने पलीकडच्या ओढ्यात लपवलेलं गाढव आणलं. निंबाजीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दोराने ओझं बांधून दिलं. असं बांधलं, की एक वाटी निसटेल तर शपथ. सुभेदार भुंकून भुंकून घसा फोडत होता. इतका माल अंगणाबाहेर जाताना त्याने जन्मात पाहिला नव्हता. निंबाजीने त्याला दोन्ही हातांनी कवळून धरलं. तीन माणसं चावून झाली तोवर ज्याने कुत्र्याला आवरलं नव्हतं, त्याने चोर जाताना आवरलं.

"एकदा चावलास, पुरे," तो म्हणाला. "पाव्हण्यांची जखम भरलीय. कशाला पुन्हा त्रास?"

संध्याकाळी आयाबाया भांडी मागायला आल्या.

"भांडी गेली," निंबाजी म्हणाला. "चोरी पुरी झाली."

पुढे काय झालं ते सांगायला नको. गावात तांब्या म्हणून उरला नाही. सकाळी सगळं गाव सोपान कुंभाराच्या ओट्यावर मडकी घ्यायला उभं होतं, आणि सोपान मनगट चोळत मनातल्या मनात सुभेदाराला आशीर्वाद देत होता. भागू माहेराहून आली ती रिकाम्या फळीकडे बघत दारातच बसली. "माझा हंडा?" ती म्हणाली.

"त्याच्यापासूनच सुरुवात केली," निंबाजी म्हणाला. "आधी आपलं घर. गावाला नाव ठेवायला जागा नको."

तेवढ्यात पाटील अंगणात आले. मागे सगळं गाव. पाटलांचा आवाज चिरकला होता. "माझा थोरला हंडा! माझ्या बापाच्या हातचा! ते कुत्रं वेशीबाहेर! आत्ताच्या आत्ता, मी स्वतः नेतो!"

"पण पाटील, काम बिनचूक झालं! एक वाटी राहिली नाही!"

पाटील पुढे झाले. कुत्र्याला बांधायला त्यांनी अंगणातला एक दोर उचलला, दुसऱ्या हाताने सुभेदाराची मानगूट धरली आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं.

अंगणातला दोर. फाटकाबाहेर. सुभेदाराने एकदा दोराकडे पाहिलं, एकदा पाटलांकडे. आणि तत्त्व म्हणजे तत्त्व.

पाटील खाली बसले, पोटरी धरून. मग सोपान कुंभार सावकाश म्हणाला, "पाटील, रिवाज तुम्हीच सांगितलात. चावलेल्या माणसाचं काम मालकाने करायचं."

"तो जे करतो ते," दगडू न्हावी म्हणाला.

"तो जसं करतो तसं," येसू गवळी म्हणाला. तिघांच्याही जखमा जुन्या होत्या आणि तिघांनाही मजा यायला लागली होती.

अशा रीतीने निंबाजी दोरवाला बोरखडीचा पाटील झाला. त्याला चावडीवर नेलं, खांबाला टेकून बसवलं, डोक्यावर पागोटं ठेवलं. रावजी पाटील पाय पुढे पसरून बाजूला कण्हत होते. पहिलंच काम आलं ते सुभेदाराचं.

भागूच्या जिवात जीव आला. गाव आता हसण्याच्या लहरीत होतं. खुद्द रावजी कण्हत म्हणाले, "ते कुत्र्याचं सोडा रे आता, माफ करा त्याला! आधी माझ्या पायाचं बघा कुणीतरी." भागूने नवऱ्याच्या कानाशी लागून सांगितलं, "अहो, तुम्हीच पाटील आहात. माफ केलं म्हणा आणि घरी चला. सुभेदार वाट बघतोय."

निंबाजीने तिच्याकडे कडक नजरेने पाहिलं. "पाटील कुणाच्या बायकोचं ऐकत नाहीत." मग त्याने मिशीवरून हात फिरवला आणि खडा आवाज लावला. "कुत्रं कुणाचं?"

निंबाजी उठला, पायरी उतरून खाली उभा राहिला, पागोटं काखेत घेऊन हात जोडले. "माझं, पाटील."

पुन्हा वर जाऊन बसला. "मग ते वेशीबाहेर. कायमचं."

पुन्हा खाली आला. आता त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "पाटील, एक डाव माफ करा. मुकं जनावर आहे. माझ्यावाचून जेवत नाही हो ते."

निंबाजी वर गेला. मघाशी आपण खाली उभे होतो त्या मोकळ्या जागेकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "नाही. पाटलाचा शब्द एकदा गेला की गेला. शिवाय कुत्रं बांधलेलं पाहिजे. एक टोक कुत्र्याच्या गळ्यात, दुसरं मालकाच्या हातात. कसूर नको."

आणि खाली येऊन तो ढसाढसा रडला. सगळं गाव माफ करायला तयार होतं. एकट्या पाटलाने ऐकलं नाही.

घरी जाऊन निंबाजी दोर वळायला बसला. घरात होता नव्हता तेवढा वाख घेतला. त्याच्या घरामागची भिंत संपली की गाव संपत होतं. पण हुकूम होता वेशीबाहेरचा, आणि वेस गावाच्या दुसऱ्या टोकाला. आणि मालकाच्या हातात टोक हवं, तर मालक राहणार घरी. निंबाजी वळत गेला, वळत गेला. एवढा लांब दोर बोरखडीत आधी झाला नाही, पुढे होणार नाही. एक टोक सुभेदाराच्या गळ्यात घातलं, त्याला वेशीबाहेर नेऊन बसवलं, आणि दोर सोडत सोडत परत आला. देवळावरून, चावडीवरून, प्रत्येक दारासमोरून, प्रत्येक बोळातून. दुसरं टोक हातात धरून अंगणात बसला. कायदा तंतोतंत पाळला गेला होता.

सकाळी सुभेदाराच्या जेवणाची वेळ झाली. भाकरी नेण्याआधी त्याला कळवायला हवं. निंबाजीने छाती भरून हाळी दिली, "आलो हो! भांडं घेऊन या!"

आणि विहिरीतून घागर ओढावी तसा दोर जोराने ओढला.

हाळी ऐकून, येसू आला असं समजून, प्रत्येक दारातून एकेक बाई सोपानकडचं कोरं मडकं घेऊन बाहेर पडली. त्याच क्षणी प्रत्येक दारासमोर दोर गुडघ्याइतका वर आला. गावभर एकच आवाज झाला. निंबाजीचा दोर पक्का होता. सोपानची मडकी पक्की नव्हती.

तिकडे सुभेदाराला धन्याचा आवाज कळला होता. तो वेशीतून आत घुसला, धावत चावडीवर आला. खांबाला टेकून रावजी पाटील पायाला पट्टी बांधून ऊन खात बसले होते. ओळखीचं माणूस बघून सुभेदाराला आनंद झाला. तो त्यांच्याभोवती आणि खांबाभोवती गोल फिरला. आणखी फिरला. निंबाजी इकडून ओढतच होता.

शेवटी दोर जड लागला म्हणून निंबाजी टोक धरून बघायला निघाला. वाटेत खापरंच खापरं, त्यात बसलेल्या आयाबाया. चावडीवर खांब, खांबाला पायापासून मिशीपर्यंत गुंडाळलेले पाटील, आणि पाटलांच्या मांडीवर डोकं टेकून शेपटी हलवणारा सुभेदार. सगळं गाव मागे धावत आलं. हा आता तरी काही बोलेल, पाया पडेल, निदान शरमेल, म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले.

निंबाजीने दोराकडे पाहिलं. पाटलांच्या अंगावरचे वेढे बोटाने चाचपून पाहिले. मग त्याला दगडूची शिकवण आठवली. कनवटीचा आरसा काढून त्याने तो पाटलांपुढे धरला, आणि गोड आवाजात विचारलं,

"दोर जरा जास्तच झालाय, पाटील. आणखी कमी करू का?"